दोन पेट्यांचा सामना : डबलबारीच्या बुवांस काय यावें लागतें

भांडुप, मुलुंड, घाटकोपर, बोरिवली यांपैकीं कोणत्याहि उपनगरांत कोंकणी वस्तीच्या रस्त्यानें जातांना एखादा भला मोठा फलक दृष्टीस पडतो. त्यावर दोन गृहस्थांचीं चित्रें समोरासमोर छापलेलीं असतात. कपाळीं गंध, अंगांत झब्बा, आणि चेहऱ्यावर असा आवेश कीं, हे दोघे आखाड्यांत उतरणारे मल्ल असावेत असें अनोळखी माणसास वाटावें. मधोमध ठळक अक्षरें असतात : ‘डबलबारी भजनाचा जंगी सामना’. भजन आणि सामना हे दोन शब्द एका ओळींत पाहून परक्या मनुष्यास विस्मय वाटल्यास नवल नाहीं. भजन म्हणजे अहंकार विसरण्याचें साधन, आणि सामना म्हणजे त्याच अहंकारास घातलेलें खतपाणी. या दोहोंचा संसार एका व्यासपीठावर कसा होतो, आणि तो तीन-चार तास चालवून दाखविणाऱ्या बुवांच्या अंगीं कोणते गुण असावे लागतात, हें पाहण्यासारखें आहे.

‘बारी’ हा शब्द मराठीस नवा नाहीं. पाळी किंवा खेप हा त्याचा साधा अर्थ. तमाशाच्या फडांतहि ढोलकी-बारी व संगीत-बारी हे शब्द रूढ आहेत. त्यास ‘डबल’ हें इंग्रजी विशेषण जोडून झालेला संकर कोंकणांत व मुंबईंत इतका रुळला आहे कीं, त्यास आतां शुद्ध मराठी नांव सुचविणें व्यर्थ होय. दोन भजनी मंडळें, दोन बुवा, दोन पेट्या आणि सभा मात्र एकच, असा हा प्रकार. एकानें गावें आणि गातां गातां सवाल टाकावा. दुसऱ्यानें गातां गातांच तो फेडावा आणि आपला उलट टाकावा.

असले सामने इतरत्रहि होतात. अमेरिकेंत न्यू ऑर्लिन्स शहरीं १९३३ सालीं निघालेलें ‘पॅट ओब्रायन्स’ नांवाचें एक मद्यगृह आहे. तेथें दोन पियानो जवळ जवळ मांडून दोन वादक आळीपाळीनें गातात व वाजवितात. गिऱ्हाइकें चिठ्ठीवर आपल्या आवडत्या गाण्याचें नांव लिहून पाठवितात आणि चिठ्ठीसोबत पैसे ठेवतात. मद्याचा पेला आणि विठोबाचें नांव यांत अंतर जमीन-अस्मानाचें खरें; परंतु कलावंतापुढचा पेच दोन्ही ठिकाणीं एकच आहे. समोरचा आपल्याहून कमी नाहीं, सभा केव्हां कोणीकडे झुकेल याचा नेम नाहीं, आणि पुढच्या घटकेस काय गावें लागेल हें ठाऊक नाहीं.

डबलबारीचें माहेर म्हणजे सिंधुदुर्ग आणि त्यास लागून असलेला रत्नागिरीचा दक्षिण भाग. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं; त्यापूर्वीं तो रत्नागिरींतच मोडत असे. या मुलखांतला पुरुष पोटासाठीं मुंबईस आला, गिरणींत लागला, आणि लालबाग-परळच्या चाळींत गांवकऱ्यांच्या सामाईक खोलींत राहिला. दहा बाय दहाच्या त्या खोलींत पाळीपाळीनें झोपणाऱ्या माणसांना करमणुकीचें एकच स्वस्त साधन होतें, तें म्हणजे भजन. एक पेटी, एक पखवाज आणि टाळांचे चार जोड एवढ्यावर गांव उभें राहत असे. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यांतून गिरणगांव सावरलें नाहीं. कुटुंबें उपनगरांकडे व त्याहिपलीकडे विरार, डोंबिवली, बदलापूरकडे सरकलीं, आणि त्यांच्या सामानाबरोबर पेट्या व पखवाजहि सरकले. १९२२ सालीं उभें राहिलेलें परळचें दामोदर नाट्यगृह कोंकणच्या लोककलांचें मुंबईंतलें हक्काचें घर होतें. तें २०२३ सालीं पुनर्बांधणीसाठीं बंद झालें. आज डबलबारी ऐकावयाची असेल तर उपनगरांतल्या मालवणी जत्रोत्सवाच्या मंडपांत किंवा रविवारीं एखाद्या नाट्यगृहांत जावें हें उत्तम.

व्यासपीठावर दोन्ही मंडळें आपआपलीं वाद्यें लावून बसतात. प्रत्येक बाजूस मध्यभागीं बुवा, त्यांच्यापुढें पेटी. एका अंगास पखवाज, दुसऱ्या अंगास तबला. मागें झांज व टाळ घेऊन बसलेली साथीची मंडळी. या मंडळीस ‘कोरस’ म्हणतात. आरंभीं नमन, मग विठ्ठलाच्या रूपाचा अभंग, त्यामागून दुसरे अभंग, मग गजर, गवळण आणि अखेरीस भैरवी, असा ठोकळ क्रम आहे. पहिल्या दोन पायऱ्यांवर सामन्याचा मागमूसहि नसतो. बुवांचा स्वर किती सच्चा, शब्द किती शुद्ध, याची पारख जाणते श्रोते येथेंच करून घेतात. चकमक उडते ती बहुधा गजरांत. म्हणून उतावळे श्रोते गजराची वाट पाहत चहा पीत बसतात आणि जाणते श्रोते चहा सोडून नमन ऐकतात.

बुवांच्या हातीं जें वाद्य असतें, त्याविषयीं येथें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. कारण या कलेचें बळ आणि मर्यादा दोन्ही त्या वाद्यांतच आहेत. हार्मोनियम जन्मानें फ्रेंच. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्यें आलेक्सांद्र दबें यानें तें सिद्ध केलें. मूळचें वाद्य पायानें भाता दाबून वाजविण्याचें, टेबलाएवढें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं त्यास जमिनीवर बसून वाजविण्याजोगें रूप दिलें. डाव्या हातानें भाता आणि उजव्या हातानें स्वरपट्ट्या, ही त्याची रचना. येथेंच पियानोवाला आणि पेटीवाला यांच्या वाटा फुटतात. पियानोवाल्याचे दोन्ही हात मोकळे. उजव्या हातानें गाणें आणि डाव्या हातानें खर्ज व ठेका, असा तो एकटाच सगळा वाद्यवृंद होऊ शकतो. पेटीवाल्याचा डावा हात श्वास भरण्यांत अडकलेला. म्हणून ठेका पखवाजावर सोपवावा लागतो, भरणा कोरसवर सोपवावा लागतो, आणि सात-आठ माणसांचें मंडळ मिळून एक वाद्य होतें. तें वाद्य वाजविणें हीच बुवांची पहिली विद्या होय. पेटीच्या एका पट्टीवरचा किंचित् लांबलेला स्वर, मानेचा एक झोका, पखवाज्याकडे टाकलेली एक नजर एवढ्या खुणांवर लय दुप्पट होते किंवा एकदम थांबते. श्रोत्यांस ती खूण दिसतां कामा नये. दिसली तर समजावें, मंडळाची तालीम कच्ची.

या पेटीची नभोवाणीनें एके काळीं केलेली अवहेलना प्रसिद्ध आहे. १९४० सालच्या मार्च महिन्यापासून नभोवाणीवर हार्मोनियम वाजविण्यास बंदी झाली. त्या वेळचे नियंत्रक लायोनेल फील्डन, आणि या वाद्याविषयीं रवींद्रनाथ ठाकुरांसही प्रेम नव्हतें. आक्षेप खोटा नव्हता. पेटीच्या सप्तकांतल्या बारा स्वरांच्या जागा कायमच्या ठरलेल्या; एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तींतून निघत नाहीं, आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद तिला कळत नाहींत. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकानें ती नामवंत गवयांच्या शेजारीं सन्मानानें बसविली होती, तरी बंदी सुमारें तीन दशकें टिकली आणि १९७१ पासून सैल होत गेली. पण नभोवाणीच्या दिवाणखान्यांतला हा वाद कोंकणांतल्या देवळांत कोणी मनावर घेतला नाहीं. चार महिने कोसळणाऱ्या पावसांत तंतुवाद्याच्या तारा उतरतात, कातडें सैल पडतें. पेटीच्या पितळी सुरांस त्यामानानें दमट हवेची बाधा कमी. ती खांद्यावर मारून घाटी चढतां येते, आणि पंचवीस टाळ वाजत असतांहि ती ऐकू येते. ज्या दोषासाठीं दरबारांत ती नापसंत ठरली, तो तिचा ठोकळेपणाच सामुदायिक गायनांत गुण ठरतो. पंचवीस अशिक्षित कंठांस एकाच स्वरावर आणून उभें करावयाचें, तर स्वर न हालणारा हवा.

आतां शब्दांचा विचार. डबलबारीच्या बुवांस शेंकडों अभंग मुखोद्गत असावे लागतात हें तर उघडच आहे. परंतु पाठांतरापेक्षां अवघड विद्या आहे ती चाल बसविण्याची. मोठ्या अभंगाचे चार चरण. पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरें आणि चौथ्यांत चार. लहान अभंगाचे चरण सामान्यतः आठ-आठ अक्षरांचे. येथें मोजदाद अक्षरांची आहे, लघुगुरूंची नाहीं. श्लोकाच्या वृत्तांत लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असल्यामुळें त्याची चालहि पुष्कळशी ठरून जाते. अभंगाचें तसें नाहीं. तें अक्षर लांबवावें, आंखडावें, दोनदां म्हणावें. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यांत सहा अक्षरें कोठेंहि बसतात. म्हणून एकाच अभंगास दहा बुवा दहा चाली लावतात आणि दहाहि बरोबर असूं शकतात. संतांनीं ही मोकळीक जाणूनबुजून ठेवली असो वा नसो, तिचा लाभ गाणाऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे.

या मोकळिकेचा दुरुपयोगहि होतो. कालच्या चित्रपटांतलें लोकांच्या ओठांवरचें गाणें उचलावें, त्यांत विठोबाचें नांव कोंबावें आणि टाळ्या घ्याव्यात, हा सोपा मार्ग आहे. सुशिक्षित लोक डबलबारीस नाकें मुरडतात तीं यासाठींच. परंतु चाल उचलणें हेंच पाप मानावें, तर मराठी रंगभूमीचें काय करावें? अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ सालच्या ‘सौभद्रा’पासून नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच गाण्याचें नांव दिलेलें असे. उसनी चाल घेणें दोषास्पद नाहीं. ती पचली नाहीं म्हणजे दोष. याची कसोटी सोपी आहे. बुवा गात असतां श्रोत्याच्या मनांत जुने शब्द उमटले तर चाल पचली नाहीं; अभंगाचेच शब्द उरले तर पचली. चांगले बुवा उसन्या चालीचें पहिलें वळण ओळखू येईल एवढेंच ठेवतात आणि तेथून पुढें तिला आपल्या वाटेनें नेतात. ओळख पटल्याचा आनंदहि श्रोत्यास मिळतो आणि अभंगहि शाबूत राहतो.

सवाल-जवाब हा मात्र या प्रकाराचा प्राण. मराठी माणसास तो शाहिरीपासून परिचित आहे. शिव श्रेष्ठ म्हणणारे तुरेवाले आणि शक्ति श्रेष्ठ म्हणणारे कलगीवाले यांचे झगडे महाराष्ट्रानें पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. रत्नागिरीच्या जाखडी नृत्यांत ते आजहि ‘शक्ती-तुरा’ या नांवानें चालतात. शहरी कुटुंबांस तोच झगडा १९६४ सालच्या ‘सवाल माझा ऐका’ या चित्रपटानें तमाशाच्या वेषांत दाखविला. डबलबारीनें ही परंपरा भजनाच्या पंगतींत आणून बसविली. त्यावर सोवळे लोक विचारतात कीं, देवापुढें भांडण कशास? पण भक्ताचें भांडण भजनास कधींच परकें नव्हतें. नामदेवांनीं तर साक्षात् विठोबाशींच भांडून घेतलें; तेथें शेजारच्या बुवांची काय कथा!

सवालाचें एक जुनें उदाहरण घ्यावें. पहिले बुवा विचारतात कीं, हनुमंतास तुम्ही बालब्रह्मचारी म्हणतां, तर मकरध्वज हा पुत्र कोणाचा? कथा ज्याला ठाऊक आहे तो सांगेल कीं, लंका जाळून परततांना मारुतीच्या अंगाचा घर्मबिंदु समुद्रांत पडला, तो मगरीनें गिळला आणि तिच्या उदरीं मकरध्वज जन्मला. एवढें उत्तर देऊन गप्प बसणारे बुवा उत्तीर्ण खरे, पण रंग भरणारे नव्हेत. कसलेले बुवा उत्तराबरोबर दोरीचें दुसरें टोकहि ओढतात : ही कथा वाल्मीकींनीं कोठें सांगितली, तें तुम्हीच दाखवा! कारण मूळ वाल्मीकिरामायणांत ती नाहीं. ती मागाहूनच्या रामकथांतून व लोकपरंपरेंतून आलेली आहे. लक्ष्मणाची चौदा वर्षांची झोंप ऊर्मिलेनें घेतली, ही गोष्टहि त्याच जातीची. म्हणून बुवांस कथा माहीत असून भागत नाहीं, ती कोणत्या ग्रंथांतली हेंहि माहीत असावें लागतें. एकनाथांचें भावार्थरामायण, श्रीधरस्वामींचे हरिविजय (१७०२), रामविजय (१७०३) व पांडवप्रताप (१७१२) हे ग्रंथ ज्यानें नुसते ऐकले नाहींत, तर उशाशीं ठेवून वाचले आहेत, त्यास सहसा कोणी अडवूं शकत नाहीं.

हें उत्तर द्यावयाचें तें गद्यांत नव्हे, आणि सवडीनें तर नव्हेच. ठेका चालू असतो. येथें कोरसचें खरें काम दिसून येतें. बुवा एक ओळ गातात, कोरस ती उचलून दोनदां म्हणतो. वरवर पाहतां ही भजनाची साधी रीत आहे. पण बुवांची विचार करण्याची जागा तीच. दर मिनिटास १२० मात्रांची लय धरली, तर आठ मात्रांचें एक आवर्तन चार सेकंदांत संपतें, आणि कोरसचीं दोन आवर्तनें आठ सेकंदांत. तेवढ्या अवधींत पुढची ओळ जुळवावयाची, तिचें यमक मागच्या ओळीशीं मिळवावयाचें, आणि हें चाललें असतां तोंडावर हंसूं ठेवून पेटी वाजवीत राहावयाचें. ओळ सुचली नाहीं तर अनुभवी बुवा मागचीच ओळ निराळ्या स्वरांत पुन्हां देतात आणि आणखी आठ सेकंद मिळवितात. श्रोत्यांस वाटतें, काय खुमारीनें आळवितात! पखवाजी मात्र समजून असतो.

सगळेंच आयत्या वेळीं सुचतें असेंहि मानूं नये. प्रतिस्पर्धी कोण, त्यांचे गुरु कोण, मागच्या सामन्यांत त्यांनीं काय विचारलें, याचा अभ्यास करून बुवा येतात, आणि पांच-पन्नास ओळी खिशांत तयार असतात. पण तयार ओळ नेमकी केव्हां काढावी हें तयार करून आणतां येत नाहीं. एखादी चोख ओळ दोन आवर्तनें उशिरां आली कीं शिळी होते.

समोरच्यास चिमटा काढणें हा या खेळाचा भाग आहे आणि श्रोते त्यासाठींच बहुसंख्येनें येतात, हें मान्य केलें पाहिजे. तथापि चिमट्याची जागा ठरलेली असावी. बुवांच्या चुकलेल्या सुरावर, फसलेल्या यमकावर, उसन्या चालीवर, ग्रंथाच्या अज्ञानावर बोलावें. घर, जात, शरीर, धंदा यांवर घसरलेला विनोद टाळी मिळवितो आणि बारी बुडवितो. कारण यांत एक व्यावहारिक मेख आहे. समोरच्याची बारी पडली तर सभा उठून जाते, आणि ती उरलेल्या बुवांसाठीं पुन्हां बसत नाहीं. प्रतिस्पर्ध्यास सतावावें, पण त्याला उभें ठेवावें. किंबहुना तो ढासळूं लागला तर सोपा सवाल टाकून त्यास हात द्यावा, हें ज्यास कळलें तेच बुवा वर्षानुवर्षें बोलाविले जातात. न्यू ऑर्लिन्सचे ते दोन पियानोवालेहि एकमेकांच्या गाण्यास साथ करतात, तें याच हिशेबानें.

समोरच्यानें नुकतीच गायलेली चाल तेथल्या तेथें उचलून तींत आपला जवाब बसविणें, ही या खेळांतली सर्वांत दिलखुलास दाद समजतात. यावरून युरोपांतली एक गोष्ट आठवण्यासारखी आहे. २४ डिसेंबर १७८१ रोजीं व्हिएन्ना येथें सम्राट दुसरा जोसेफ याच्यापुढें मोझार्ट आणि क्लेमेंटी या दोघां पियानोवादकांचा सामना झाला. निकाल बरोबरीचा धरला गेला. मोझार्टनें मागाहून बापास लिहिलेल्या पत्रांत क्लेमेंटीची संभावना नुसता यांत्रिक वादक म्हणून केली. पण दहा वर्षांनीं, १७९१ सालीं, त्याच्या ‘जादूची बांसरी’ या संगीतिकेचा आरंभ ज्या सुरावटीनें झाला, ती क्लेमेंटीनें त्या सामन्यांत वाजविलेल्या रचनेच्या सुरावटीसारखीच होती. क्लेमेंटीनेंहि ही रचना दहा वर्षें आधींची असल्याची टीप आपल्या छापील प्रतींत घालून ठेवली. सामन्यांतलें वैर असें लांबवर जातें आणि शेवटीं चालींतच मुरतें.

डबलबारीच्या फलकावर बुवांच्या नांवाखालीं गुरूचें नांव छापण्याची रीत आहे. काशीराम परब, चिंतामणी पांचाळ, परशुराम पांचाळ, विलास पाटील, चंद्रकांत कदम हीं या क्षेत्रांतलीं आदरानें घेतलीं जाणारीं नांवें. त्यांचे शिष्य समोरासमोर बसले म्हणजे सामना दोन व्यक्तींचा राहत नाहीं, दोन शाळांचा होतो. आणि जाणते श्रोते अमुक बुवांच्या गळ्यांतून त्यांच्या गुरूची हरकत कशी निघाली, याचा हिशेब करीत घरीं जातात.

शिष्य तयार होतो तो मात्र शाळेंत नव्हे. गणेशचतुर्थीच्या दिवसांत कोंकणांतलें भजनी मंडळ रात्रभर घरोघर फिरतें. एका घरीं दोन अभंग व आरती, वाटींत काळ्या वाटाण्यांची उसळ, कपभर चहा, कीं निघाले पुढच्या घरीं. दहा-बारा वर्षांचा मुलगा झांज घेऊन या वाटेस लागतो. प्रथम हातांत लय बसते, मग कोरसमध्यें आवाज मिसळतो, मग एखाद्या पहांटे बुवांचा घसा बसला म्हणजे पेटी त्याच्यापुढें सरकविली जाते. मुंबईंत ही शाळा आगगाडींत भरते. विरार, बोरिवली, कल्याण येथून सुटणाऱ्या सकाळच्या गाड्यांत भजनी मंडळांचे डबे ठरलेले असत, आणि कांहीं आजहि आहेत. पेटी नाहीं, पुरती बैठक नाहीं, डब्याच्या पत्र्यावर ठेका, आणि चाकांच्या खडखडाटावर मात करील असा आवाज. शेजारच्या प्रवाशास त्या वेळीं झोंप हवी असते. त्याची तक्रारहि खोटी नव्हे. पण चर्चगेटपर्यंतचा तो तास उभ्यानें गाणाऱ्याच्या छातीस जें बळ देतो, तें बंद खोलींतल्या रियाजानें येत नाहीं. मात्र तेथेंच ओरडण्याची खोडहि जडते. उंच पट्टींत तीन तास गावयाचें तर आवाज फेकावा, ओढूं नये. ज्यांस हा भेद वेळेवर सांगणारा गुरु भेटला नाहीं, त्यांचे गळे चाळिशीच्या आंतच बसतात.

पैशाविषयीं फार लिहिण्याजोगें नाहीं. सुपारी ठरलेली असते आणि ती सगळ्या मंडळांत वांटली जाते. वर श्रोत्यांची बक्षिसें. एखाद्या ओळीवर खूष झालेला श्रोता नोट पुढें करतो, त्याचें नांव ध्वनिक्षेपकावरून पुकारलें जातें, आणि क्वचित् त्याच्यासोबत फर्माईशहि येते. बक्षिसाचें नांव घेतांना लय तुटूं न देणें, आणि भलती फर्माईश देणाऱ्यास न दुखवितां ती भैरवीपर्यंत लांबविणें, हेंहि एक कसब आहे. पुष्कळ बुवा पोटासाठीं नोकरी करतात आणि रविवारीं गातात.

अलीकडे दोन गोष्टींनीं बुवांचें काम कठीण केलें आहे. पहिली गोष्ट यूट्यूबची. आज मुलुंडास झालेली बारी उद्यां कणकवलींत आणि परवां आखाती देशांतल्या चाकरमान्याच्या हातांत असते. कीर्ति झपाट्यानें पसरते खरी. पण पूर्वीं एक चांगला सवाल दहा गांवांत पुरत असे, तो आतां एका रात्रींत खर्ची पडतो. श्रोता उत्तर पाठ करूनच येतो, आणि बुवांच्या आधीं तेंच ओरडून सांगतो. संग्रह सतत नवा ठेवावयाचा तर वाचन वाढविलें पाहिजे. ज्यांना वाचनाचा कंटाळा, ते थट्टेकडे वळतात. डबलबारीचा दर्जा घसरला अशी जी ओरड होते, तिचें मूळ चित्रपटांच्या चालींपेक्षां येथेंच अधिक आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. ध्वनिप्रदूषणाविषयींच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावतां येत नाहीं. वर्षांतून मोजक्या सणांच्या दिवशीं ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढते. बंद नाट्यगृहास तो नियम लागू नसला तरी तेथें भाड्याचे तास ठरलेले. रात्रभर चालणारी बारी अशी संध्याकाळच्या चार तासांत आली. नियम रास्तच आहे; परीक्षेच्या दिवसांत शेजारीं कर्णा ठेवून राहिलेल्या कुटुंबास विचारावें. परंतु पहांटेच्या रागांतले अभंग त्यामुळें गावयाचेच राहिले. त्यावर तोड म्हणून क्रिकेटवरून नांव घेऊन ‘ट्वेंटी-ट्वेंटी’ बाऱ्या निघाल्या, ज्यांत प्रत्येक बुवांस थोडा थोडा वेळ आळीपाळीनें मिळतो; शिवाय तीन बुवांचे ‘तिरंगी’ सामनेहि होतात. जवाब ताबडतोब येत असल्यानें सभा जागी राहते. रूपाचा अभंग मात्र आंखडतो, आणि स्वर स्थिर होण्यास जो अवकाश लागतो तो मिळत नाहीं. थट्टेवर भर देणाऱ्यांस हा प्रकार मानवतो, गाणाऱ्यांस तितका मानवत नाहीं.

स्त्रियांच्याहि बाऱ्या आतां होऊं लागल्या आहेत, आणि कांहीं ठिकाणीं एका बाजूस पुरुष व दुसऱ्या बाजूस स्त्री असा सामना असतो. तेथें अडचण येते ती सवालांची नव्हे, पट्टीची. पुरुषाची व स्त्रीची गाण्याची पट्टी निराळी. पेटीवर नुसता षड्ज बदलून भागतें, पण पखवाज एका षड्जास जुळविलेला असतो आणि भर सभेंत हातोडीनें ठोकून तो चार स्वर चढवितां येत नाहीं. म्हणून अशा सामन्यांत प्रत्येक मंडळाचा पखवाज आपल्या पट्टीस आधींच लावून ठेवलेला हवा. डाव्या तोंडास लावावयाची कणीकहि घरूनच भिजवून आणलेली बरी.